गाऊनची सावड

विठाच्या घरात भाताच्या कणगीला टेकून पत्र्याची एक पेटी होती, आणि त्या पेटीत गावातल्या एकाही बाईला बसणार नाहीत असे गाऊन भरले होते. एक्सएल आणि डबल एक्सएल. फुलांचे, वेलींचे, ठिपक्यांचे. कापड चांगलं, शिलाई चांगली, उजव्या बाजूला मोबाईल मावेल एवढा खिसा. गाऊनला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ते भरून काढतील अशी अंगं गावात नव्हती.

वांगणी स्टेशनापासून आत, डांबर संपून चिखल सुरू होतो तिथलं हे गाव. इथल्या बायका जन्मभर ओझी वाहून, वाकून, उकिडवं बसून अशा वाळल्या होत्या की चरबी धरायला त्यांच्या अंगाला कधी फुरसतच मिळाली नव्हती. वरच्या वाडीतल्या सखूने एकदा हौसेने डबल एक्सएल अंगात घातला, तर तिची पोरं हसून लोळली; यापेक्षा बुजगावणं भरलेलं दिसतं म्हणाली. मग विठाने दोन गाऊन उसवून लहान करायचा घाट घातला. पण भात लावणारे हात ते, त्यांना सुई काय दाद देणार. एकाचा गळा खांद्यावर आला, दुसऱ्याची झिप पोटावरून कुशीत गेली. ते दोन आता भांडी पुसायला होते.

चूक विठाची होती, आणि म्हटलं तर नव्हतीही. उल्हासनगरचा ठोक व्यापारी गाऊन सुटा देत नाही, सेट देतो. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, चार मापांचे चार नग एका प्लास्टिकच्या पिशवीत. घ्यायचे तर चारही घ्या. गेल्या हिवाळ्यात धंदा सुरू केला तेव्हा विठाला वाटलं होतं, चार मापं म्हणजे चार गिऱ्हाइकं. एम आणि एल हातोहात जायचे. बाकीचे दोन पेटीत. दर खेपेला तेच. डोक्यावर गाठोडं घेऊन ती पाड्यापाड्याने हिंडायची, गोड बोलायची, पाणी मागून प्यायची, आणि कमाई सगळी त्या पेटीत जाऊन बसायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या धंद्याची गत होती.

एरवी तिने ते मनाला लावून घेतलं नसतं. पण यंदा त्या पेटीपायी खालचं खाचर अडकलं होतं.

विठा आणि तिचा नवरा महिपती यांची जमीन थोडकी. घरामागचं वरचं खाचर आणि ओढ्याकाठचं खालचं. वरचं दोघं मिळून लावायची. खालच्याला माणसं लागायची, आणि ती इतकी वर्षं सावडीची असायची. आज आम्ही तुझ्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. पाच घरं एकमेकांच्या चिखलात उतरायची, मजुरीचं नाव कुणी काढायचं नाही. सावडीचा एक कायदाही होता, कुठे लिहिलेला नसला तरी सगळ्यांना ठाऊक असलेला. सावड कधी पुरती फेडायची नाही. एखादा दिवस कुणाचा ना कुणाचा, कुणाकडे तरी राहू द्यायचा. दिवस राहिला म्हणजे माणूस परत येतो, असं विठाची सासू सांगायची.

मग जमिनीला भाव आले. एकेक घर सावडीतून गळालं आणि भाताच्या जागी फार्महाऊसचं तारेचं कुंपण आलं. शेवटी शेजारचा भगवान तेवढा उरला. एका वर्षी पाऊस सरता सरता तो दारात आला, चहा प्याला, आणि जाताना महिपतीच्या हातात नोटा ठेवून म्हणाला, तुमचा एक दिवस माझ्याकडे राहिला होता, तो मिटवून टाकतो. महिपतीने नोटा घेतल्या. विठा मात्र चुलीपुढे बसल्या बसल्या गार झाली. दिवाळी व्हायच्या आत भगवानच्या शेतात मोजणीचे खांब उभे राहिले.

तेव्हापासून खालचं खाचर कधी अर्धं लागायचं, कधी पाव. यंदा तर महिपतीच्या गुडघ्याने दगा दिला. मुलगा सनी बदलापुरात मांजर्लीला भाड्याने राहायचा आणि कंपनीत दिवसभर उभा असायचा. त्याच्याकडे लावणीसाठी रजा मागायची म्हणजे त्याला नोकरीच सोडायला सांगायची. उरली सखूची टोळी. ती मजुरीवर यायची आणि मजुरी रोख लागायची. त्यात जमिनीचे सौदे करणारा बाळा मोटारसायकलवरून चकरा मारत होता.

महिपती तसा भांडखोर नव्हता. नाचणीची भाकरी कुस्करावी तसं तो सावकाश बोलायचा.

"पडीक ठेवन्यापरीस देऊन टाकू," तो एका दुपारी जेवताना म्हणाला. "खालचं यंदा पुरं लागलं तर मी पुन्हा विकायचं नाव काढनार नाय. नाय लागलं, तर दिवाळीला सही करनार."

विठाने ताटावरून मान वर केली. नवऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर तिला भीती वाटली. रागावलेला माणूस विसरतो. तिने पेटीकडे पाहिलं. आत पडलेला माल विकला गेला असता, आणि पुढचा माल फक्त लहान मापाचा मिळाला असता, तर सखूच्या टोळीची मजुरी सहज सुटली असती. लावणीसाठी राबात पेरलेलं रोप वीतभर झालं होतं. भाताचं रोप वाट पाहत नाही. वेळ टळली की तिथल्या तिथे म्हातारं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटीतले थोडे गाऊन पिशवीत भरले आणि उल्हासनगर गाठलं. थोडा माल देईल आणि हवी तीच मापं देईल, असा व्यापारी या एवढ्या बाजारात एक तरी असेलच, असं तिला वाटत होतं.

बाजार मोठा होता, पण तिच्यासाठी नव्हता. पहिल्या दुकानातल्या माणसाने मोबाईलवरून नजर उचलली नाही. दुसऱ्याने समोरच्या गल्लीकडे बोट केलं, रिटेल उधर, म्हणाला. तिसऱ्याने जीएसटी नंबर विचारला. चौथ्याने मात्र नीट ऐकून घेतलं, आणि एका मापाचे पन्नास नग उचलत असाल तर बसा, म्हणाला. ती उभी होती तिथे छत्रीतून पाणी गळत होतं. नोकराने फडकं आणलं आणि तिच्या पायांभोवती पुसायला लागला, तिला न सांगता, उंबऱ्यावरच्या कुत्र्याभोवती पुसावं तसा. विठा आपण होऊन बाहेर आली. पावसात उभं राहून तिने चहा प्याला. चहा गोड होता, तेवढंच त्या सकाळचं बरं म्हणायचं.

शेवटी ती नेहमीच्या गोपशेठकडे गेली. गोपशेठ जुना सिंधी व्यापारी, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसणारा. माणूस वाईट नव्हता. छोट्या गिऱ्हाइकालाही पाणी विचारायचा. पण सेटच्या बाबतीत त्याचं मन दगडाचं होतं.

"सेट नाही तुटणार, बाई," तो म्हणाला. "तुला छोटे दिले तर बडेवाले मी कुठे टाकू? तुझ्या घरात पेटी तरी आहे. माझ्या दुकानात जागा नाही."

बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

गादीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बाई बसली होती. तिशी ओलांडलेली, गोरी, चांगली भरलेली, घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला. तिने मांडीवर पिशवी उघडून गाऊन बाहेर काढले होते आणि ती नोकराशी हुज्जत घालत होती, की आमच्या सोसायटीत हे माप कुणालाच होत नाही, माल कोरा आहे, परत घ्या. नोकर नुसती मान हलवत होता. विकलेला माल परत घ्यायची या बाजारात चाल नाही.

विठाने कान टवकारले. मग तिने त्या बाईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बाजारात बैल पारखावा तसं पाहिलं म्हटलं तरी चालेल. दंड, खांदे, कंबर. इतके महिने पेटीत पडलेल्या गाऊनांना हवं होतं ते अंग समोर बसलं होतं, आणि त्याच्या मांडीवर होते एम.

बाई उठून निघाली तशी विठाही निघाली आणि जिन्यात तिने तिला गाठलं.

"ताई, तुमच्याकडं बारकी मापं हायत का?"

बाईने पर्स काखेत ओढून घेतली. "नको मावशी, मला काही घ्यायचं नाहीये."

विठाला ते लागलं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने पायरीवर पिशवी टेकवली आणि वरचाच गाऊन गळ्याच्या पट्टीपाशी उलटा करून मापाचा शिक्का दाखवला.

"घेऊ नका," ती म्हणाली. "बदलून घ्या."

बाईने शिक्का वाचला. मग पर्स सैल सोडली आणि तीही पायरीवरच बसली.

तिचं नाव किर्ती. अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट, नवरा ऑफिसला जाणारा, आणि ही घरबसल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून गाऊन विकायची. लिफ्टने चढणाऱ्या-उतरणाऱ्या त्या बायका. एमचा फोटो पाहून त्या हसरी तोंडं पाठवायच्या आणि डबल एक्सएल आला की तुटून पडायच्या. किर्तीच्या दिवाणाखाली एम आणि एल साठले होते. म्हणजे एकीची पेटी आणि दुसरीचा दिवाण, दोन्ही गोपशेठने भरले होते.

पुढच्याच दिवशी अंबरनाथच्या फलाटाच्या कर्जतकडच्या टोकाला, जिथे बाकावर सहसा कुणी बसत नाही, तिथे दोघींनी माल मांडला. विठाने पेटी जवळजवळ रिकामी करून आणली होती. किर्तीकडे मात्र लहान मापं तेवढी नव्हती. अदलाबदल करून झाल्यावर विठाचे काही गाऊन तिच्याकडे जास्तीचे गेले. किर्ती पैसे किती व्हायचे ते विचारायला लागली.

"राहू द्या," विठा म्हणाली. "पुढच्या खेपेला बघू. आपली सावड."

किर्तीने मान डोलावली. सावड म्हणजे डिस्काउंटसारखं काहीतरी असावं, असं तिला वाटलं.

मग ठरलं ते असं. दर सोमवारी दोघींनी मिळून गोपशेठकडे जायचं, अख्खे सेट घ्यायचे, पैसे निम्मे निम्मे द्यायचे, आणि परतताना बाकावर बसून सेट फोडायचे. लहान मापं वांगणीला, मोठी अंबरनाथला. गोपशेठला हे कळलं तेव्हा तो पोट हलवून हसला. दोघींची मिळून एक पार्टी, असं त्याने नोकराला सांगितलं, आणि त्या दिवसापासून दोघींना पाण्याबरोबर चहाही यायला लागला.

ते दिवस विठाला बरे गेले. वरचं खाचर लागलं. सकाळी रोप काढायचं, दुपारपर्यंत लावायचं, मग पाय धुऊन गाठोडं उचलायचं. पायाच्या बोटांमधली कातडी पाण्याने पांढरी होऊन फाटली होती, कंबर संध्याकाळी जागेवर यायला वेळ घ्यायची, पण गाठोडं येताना हलकं असायचं. सोमवारी ती किर्तीसाठी कुर्डूची भाजी न्यायची. किर्ती डब्यात उपमा आणायची आणि गाडी येईपर्यंत आपल्या सासूच्या तक्रारी सांगायची. विठा ऐकायची. भगवानची बायको अशीच बांधावर बसून बोलायची, ते तिला आठवायचं. गावातली मोडलेली सावड आपल्याला इथे फलाटावर सापडली, असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं, आणि ती हे कुणाला बोलली नव्हती.

सखूशी बोलणं पक्कं झालं. निम्मी मजुरी रोख आणि टोळीतल्या प्रत्येकीला एक गाऊन, खिशाचा. ही अट सखूनेच घातली. लावणीच्या दिवसांत चिखलाने कपडे कुजतात, नवा गाऊन मिळाला तर कुणाला नको. येत्या सोमवारचा माल आला की टोळी खालच्या खाचरात उतरणार होती.

आणि शुक्रवारी फोन टिंग वाजला. विठा ओटीवर गाऊनच्या घड्या घालत होती. सातवीपर्यंत शिकलेली, तिने सावकाश वाचलं. "मावशी, तुमचे राहिलेले पैसे पाठवलेत. हिशोब क्लिअर. थँक यू."

तिने ते दोनदा वाचलं. भगवान चहाचा कप खाली ठेवून उठला होता, तो तिला तिथे दारात उभा दिसला.

"पैसे आले तर तोंड का पाडलंस?" महिपतीने विचारलं.

"मिटवलं तिनं."

महिपतीला एवढं पुरलं. त्यानेच त्या नोटा हातात घेतल्या होत्या. तो बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिला. मग म्हणाला की आले ते आले, सखूच्या मजुरीला काढ. विठा नाही म्हणाली. त्या पैशांना ती हात लावणार नव्हती. घरात मजुरीला पैसा नाही, रोप म्हातारं होतंय, आणि ही आलेली रक्कम नुसती राखत बसलीय. महिपतीने तिला खुळी म्हटलं, आणि दुसरं कुणीही असतं तरी तेच म्हणालं असतं. पण तिचं दुःख काही पैशाचं नव्हतं. दुसऱ्यांदा कुणीतरी तिला न सांगता सावडीतून उठून गेलं होतं, आणि या वेळी तर तिने त्या बाईला कुर्डूची भाजी खाऊ घातली होती.

किर्तीला फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. भगवानला तरी कुणी विचारलं होतं. ज्याला जायचं त्याला वाट अडवून विचारायचं नसतं, एवढी रीत तिला ठाऊक होती.

सोमवारी ती उल्हासनगरला गेली नाही. फोन ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून ती महिपतीबरोबर खालच्या खाचरात उतरली. संध्याकाळी पाहिलं तर किर्तीचे मिस्ड कॉल होते. उरलेली काही बारीकसारीक देणीघेणी असतील, असं म्हणून तिने फोन परत कोनाड्यात ठेवला. सखूला तिने खरं ते सांगून टाकलं, की माल आला नाही. सखूने वाईट वाटून घेतलं, पण पोट तिलाही होतं. ती टोळी घेऊन दुसऱ्याच्या शेतावर गेली.

दोघांनी मिळून खालचं खाचर लावायचं म्हणजे समुद्र उपसायचा. महिपती एका पायावर भार देत रोपांच्या मुठी टाकायचा, विठा वाकून लावत मागे सरकायची. पाऊस पाठीवर पडत होता. अंगावर गाऊन, त्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर मेणकापड. मान वर केली की न लावलेला चिखल दिसायचा, म्हणून ती मान वर करायची नाही. राबातल्या रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. बाळा एकदा रस्त्यावरून गेला. थांबला नाही, नुसती मोटारसायकल हळू केली.

बुधवारी दुपारी बांधावर कुणीतरी घसरल्याचा आवाज आला. विठाने पाहिलं. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने खांद्यावरची मोठी पिशवी सावरत, सलवार पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली, अशी किर्ती उभी होती. रिक्षावाल्याने तिला डांबर संपलं तिथेच उतरवलं होतं.

"मावशी, सोमवारी मी बाकावर बसून राहिले," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही आला नाहीत, फोन उचलत नाही. मला वाटलं तुम्हाला काही झालं की काय."

विठा गुडघाभर चिखलात तशीच उभी राहिली. "तुम्हीच मिटवलंत ना सगळं."

"काय मिटवलं?"

"हिशेब."

किर्तीला काही उमजेना. तुमचे पैसे माझ्याकडे अडकून पडले होते, मला रात्री झोप लागत नव्हती, म्हणून देऊन टाकले, असं ती पुन्हा पुन्हा सांगायला लागली. यात वाईट काय केलं मी, असं तिने विचारलं. मग विठाने चिखलातून बाहेर न येताच तिला सगळं सांगितलं. पाच घरं सांगितली, सासूचं बोलणं सांगितलं, भगवानने कप खाली ठेवून नोटा दिल्या ते सांगितलं, आणि समोर तारेच्या कुंपणाआड हिरवळीवर पडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दाखवल्या. तिथे भगवानचं भात असायचं.

किर्ती ओल्या बांधावर बसली. कपड्यांचं तसंही काही राहिलं नव्हतं.

"माझी आई सांगायची," ती म्हणाली, "उधारी राहिली की नातं बिघडतं."

"आमच्यात मिटली की बिघडतं, ताई."

पाऊस बारीक झाला होता. महिपती आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत एकच मूठ उगाच सारखी करत होता.

"मग ते पैसे परत द्या मला," किर्ती म्हणाली.

"तसेच हायत. एक पैसा मोडला नाय."

किर्तीने पिशवी बांधावर ठेवली आणि उघडून दाखवली. सोमवारी ती एकटीच गोपशेठकडे गेली होती. दुसरी पार्टी कुठे, असं त्याने विचारलं, तेव्हा येते आहे म्हणून सांगून तिने अख्खे सेट उचलले होते. मोठी मापं तिने घरी ठेवली, आणि एम आणि एल घेऊन ती इथवर आली होती. यांचे पैसे पुढच्या खेपेला, असं म्हणून तिने विठाकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं. मग एकदम सलवार वर खोचून ती खाचरात उतरली.

"मी एक ओळ लावते. म्हणजे मग कुणाचं कुणाकडे राहील?"

विठाने थोडा विचार केला. हा हिशेब तिला चांगला येत होता. "तुमचं माझ्याकडं."

"मग बरं आहे."

बरं कसलं. पहिल्याच पावलाला तिचा पाय मांडीपर्यंत रुतला आणि तो काढायला महिपतीला गुडघा विसरून धावावं लागलं. विठाने तिला दाखवलं, काड्या किती धरायच्या, अंगठ्याने मुळं चिखलात कशी दाबायची. किर्तीने दाबलेली रोपं हात उचलला की तरंगत वर यायची. ती पुन्हा दाबायची. कंबर धरून उभी राहायची, हसायची, परत वाकायची. ओळ बांधापासून निघाली, मध्येच ओढ्याकडे वळली आणि भलतीकडेच संपली. ती लावून होईपर्यंत विठाच्या तीन ओळी झाल्या होत्या.

नंतर ओटीवर चहा पिताना विठाने सगळी रक्कम फोनवरून किर्तीला परत पाठवली. मजुरीला पैसे नसलेल्या बाईने आलेले पैसे परत करावे आणि तिला हलकं वाटावं, याला शहाणपण कुणी म्हणणार नाही. किर्तीचा फोन टिंग वाजला, आणि त्या दोघींपेक्षा महिपतीलाच जास्त बरं वाटलेलं दिसलं. तो स्वतः तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला.

"येते हं, विठाताई," किर्ती जाताना म्हणाली. मावशी म्हणायचं ती विसरली होती.

त्याच संध्याकाळी विठा गाठोडं घेऊन वरच्या वाडीवर गेली. सखूने चुलीच्या उजेडात गाऊन अंगाला लावून पाहिला, खिशात हात घालून पाहिला. खांदे खांद्यावर बसत होते. दुसऱ्याचं शेत त्याच दिवशी आटोपलं होतं, उद्या सकाळी येते म्हणाली. उरलेले एल वाटेतल्या पाड्यांवर गेले, त्यातून निम्म्या मजुरीची सोय झाली.

सकाळी टोळी आली. नव्या गाऊनांवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवून बायका रांगेने खाचरात उतरल्या आणि मागे सरकत सरकत चिखलाला हिरवा करत गेल्या. बोलणं, चेष्टा, मध्येच कुणीतरी जुनं लावणीचं गाणं धरायची. खालच्या खाचरात एवढे आवाज कितीतरी वर्षांनी आले होते. विठाचे डोळे दोनदा भरून आले, पण पाऊस होता, कुणाला कळलं नाही.

त्या वाकड्या ओळीपाशी आल्यावर सखू थांबली. ही कुठल्या आंधळ्याने लावली, असं म्हणून ती उपटायला वाकली.

"ती राहू दे," विठा म्हणाली.

सखूने तिच्याकडे पाहिलं आणि ओळ सोडून पलीकडे लावायला घेतलं.

दुपार कलली तेव्हा बाळाची मोटारसायकल बांधाच्या टोकाला येऊन उभी राहिली. महिपती गुडघ्याला फडकं गुंडाळून मुठी पुरवत होता. बाळाने हेल्मेट काढलं, सगळं खाचर एका नजरेत घेतलं आणि यंदा पुरं लागलं वाटतं, असं म्हणाला. महिपतीने हो म्हटलं. दिवाळीचं बोलणं मग बाळाने काढलंच नाही. निघता निघता त्याची नजर त्या ओळीवर गेली.

"काका, ही वाकडी कोनी लावली?"

"सावडीचं मानूस हाय," महिपती म्हणाला. "नवं हाय. शिकंल."

"सावड? गावात कुठं राहिलीय आता सावड?"

"गावात नाय राहिली. अंबरनाथला हाय," महिपती म्हणाला, आणि त्याने पुढची मूठ सखूच्या पायाशी टाकली.